बनूचं मागणं

मुंबईत दुसरी बायको करून बसलेला मुलगा परत यावा, म्हणून साळूबाईने सुनेला दासगावहून होडीने हरिहरेश्वरला आणलं. गुडघे धरले होते, म्हणून ती पुळणीवरच बसली आणि बनूला एकटीला प्रदक्षिणेला धाडलं. कड्याखालच्या खडकांवरून, लाटा अंगावर घेत, बनू फिरून आली.

"त्यानं परत यावं म्हणून मागितलंस ना गो?"

"मागितलं, आत्याबाय. अगदी मनापासून."

साळूबाईने समुद्राला हात जोडले. "देव ऐकेल."

"ऐकायलाच पायजे," बनू लुगडं पिळत म्हणाली. "तुमच्याकडं बघायला दुसरं कोण नाय, म्हणून थांबलेय मी. तो दारातनं आत आला, की मी त्याच दारातनं भायेर."