वेंगुर्ल्याचा गंज

सायलेन्सरचा शेवटचा बोल्ट काही केल्या फिरेना. जयपूरच्या कोरड्या हवेत असा गंज चढत नाही. तो वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्याचा होता. वडील गेल्यावर स्वानंदीनं त्यांची गाडी जयपुरात, खातीपुऱ्याच्या घरी आणली होती. नवरा ग्राइंडर घेऊन उभाच. “कापू या गं! बोल्टला काय माहेर असतं?” “असतं,” म्हणत ती गाडीखाली सरकली. तिनं बोल्टला पुन्हा तेल पाजलं. तेव्हा वडिलांचं शिकवणं आठवलं: “आधी वायच आवळ गो बाय, मगे सोड.” सासरी निघताना त्यांनी तिचा हातही असाच आधी आवळला, मग सोडला होता. तिनं पाना आवळायच्या बाजूला किंचित दाबला, मग उलटा ओढला. बोल्ट माहेरच्या रहाटासारखा कुरकुरला आणि अख्खा सुटला. “दे इकडे,” नवऱ्यानं हात पुढे केला. स्वानंदीनं बोल्ट मुठीत घट्ट आवळला. सोडायचं तेवढं तिला जमेना.