भोक परत पाहिजे

वाळवीची भोकं, एकशे बारा. चहाचे डाग, नऊ. पानात चिरडलेली एक माशी. पाणसुरुंगाने फोडलेली एक युद्धनौका.

बंगळुरातल्या येलहंक्याच्या ऑफिसात कस्तुरी एकोणिसाव्या शतकातल्या वर्तमानपत्रांचे स्कॅन साफ करायची. नोकरी पक्की व्हायला दोन दिवस उरले होते, आणि कामाच्या झपाट्यात तिने वाळवीच्या भोकांबरोबर युद्धनौकेचंही भोक बुजवून टाकलं. आता बातमीत जहाज फुटलेलं आणि चित्रात ठणठणीत. जुना स्कॅन पुसला गेलेला, कागदाचा तर स्कॅन होतानाच भुगा झालेला.

तिचे टीमलीड शिवकुमार, मूळचे निपाणीचे, खुर्ची ओढून शेजारी बसले. "अक्का, कुठल्या गोदीला जमलं नसतं ते तुम्ही जेवणाच्या सुट्टीआधी केलंत. आता भोक परत पाडा."

"केवढं पाडू, सर?"

"मी होतो काय तिथं? स्वल्प मोठंच पाडा. बातमीत तीस माणसं मेलीत."

कस्तुरीने कॉफीचा पेला कागदावर उपडा घातला, त्याच्या कडेने गोल काढला, तो स्कॅन करून जहाजाच्या पोटात बसवला आणि आत काळोख भरला.

गिऱ्हाईकाच्या इतिहासतज्ज्ञाने दुसऱ्या दिवशी कळवलं, "जहाज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या चित्रकाराचा हात लगेच ओळखू येतो." संध्याकाळी कस्तुरीला पक्क्या नोकरीचं पत्र मिळालं.

मूळ चित्र काढलं गेलं तेव्हा ते फुटलेलं जहाज बंदराला लागायला अजून चार दिवस होते, आणि चित्रकार घरीच होता.