गेट नंबर सात

लाल पाण्याची बाटली टांगली की कुत्रा त्या गेटवर पाय वर करत नाही, हे सिद्ध झालं.

असं काही झालेलं नाही. ही ओळ मुख्याध्यापक सुमंत सरांनी विज्ञान प्रदर्शनाच्या अर्जात, निष्कर्षाच्या रकान्यात लिहून पाठवली होती, कारण अर्जाची शेवटची तारीख प्रयोगाच्या पहिल्या तारखेआधीच आली. तेव्हा ती आपण वाचलीच नाही असं धरून पुढे जाऊ.

सकाळचे सहा. नववीतली सोनिका वही घेऊन गेट नंबर सातसमोर उभी होती. सोबत विज्ञानाच्या माया मॅडम. लेआउटमधल्या बारा घरांची गेटं चिठ्ठ्या टाकून वाटलेली होती. चारांवर लाल पाण्याची बाटली, चारांवर साध्या पाण्याची, चारांवर काहीच नाही. चौदा दिवस रोज सकाळी ओले डाग मोजायचे आणि गेट धुऊन टाकायचं. आज नववा दिवस. मोजणी संपली की दुसऱ्याच दिवशी प्रदर्शन.

गेट नंबर सातच्या चिठ्ठीत 'काहीच नाही' निघालं होतं. गेटवर लाल बाटली लटकत होती.

"नानाजी," मॅडमनी हाक मारली.

नानाजी बनियनवरच बाहेर आले. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, पुन्हा बाटलीकडे पाहिलं. निदान तिने तरी लपायला हवं होतं, अशा नजरेने.

"आज झोपच नाही उघडली," ते म्हणाले. "नाहीतर रोज साडेपाचले काढून घेतो मी. तुम्ही यायच्या आधी."

सोनिकाचा पेन थांबला. "रोज म्हंजे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." नानाजींना याचा अभिमान होता. "संध्याकाळी लावतो, सकाळी काढतो. तुमचा प्रयोग बिघडू नाही म्हणून."

समोरच्या गेटवर मनकर्णाबाईंचा झाडू थांबला.

"पण तुमच्याकडे काहीच लावायचं नाही, असं ठरलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"काहून? मनकर्णाबाईले लाल, बाजूवाल्याले साधी. मलेच काहून काही नाही? लोकं विचारून राहिले, नानाजी, शाळेशी भांडण झालं का?"

"भांडण नाही. पण काहीच न लावलेलं गेट नसलं, तर कुत्रा बाटलीला भ्यायला की त्या दिवशी आलाच नाही, हे कळणार कसं?"

नानाजींनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "मग ते काम मनकर्णाबाईले द्या न. तिच्या दारात तसंही कोणी येत नाही."

"ऐकून राहिली मी," मनकर्णाबाई म्हणाल्या.

सोनिकाने वहीची पानं उलटली. "नानाजी, सगळ्यात जास्त डाग तुमच्याच गेटवर आहेत. आठ दिवसांत चौदा."

"बाटली असून?"

"बाटली असून."

"म्हंजे बाटली कामाची नाही."

"तसं म्हणता येत नाही."

"म्हंजे कामाची आहे."

"तसंही म्हणता येत नाही. तुमचं गेट आता कोणत्याच रकान्यात बसत नाही."

नानाजींचा चेहरा पडला. अडतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस. आजवर त्यांच्या हातून एकही गोष्ट रकान्याबाहेर गेली नव्हती.

"एक गेट सोडून देऊ," मॅडम म्हणाल्या. "अकरा उरतात."

"त्याले एकट्याले काहून बोलता?" मनकर्णाबाई रस्ता ओलांडून आल्या. "दोन नंबरवालेबी लावतात, अकरा नंबरवालेबी लावतात. अन् माझी लाल मी रोज रात्री घरात घेऊन ठेवते. चोरी गेली तर?"

कोपऱ्यावरून एक कुत्रा आला, चौघांकडे पाहून परत गेला.

सुमंत सरांनी बॅनर छापून आणला होता. त्यावर सोनिकाचा फोटो होता. तिच्या आईने प्रदर्शनाच्या दिवसाची सुट्टी मागून ठेवली होती. तीन वर्षांतली पहिली.

"वहीतले आकडे आहेत तसे घेऊन गेलो," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तरी तिथे कोणी विचारणार नाही. तू ठरव."

"मी विचारीन न, मॅडम."

सोनिकाने आठ पानांवर तिरप्या रेघा मारल्या. एकेका पानाला एकेक, घाई न करता. मग कोऱ्या पानावर लिहिलं, 'दिवस पहिला', पुढे उद्याची तारीख टाकली, आणि मागचं पान फाडून बारा चिठ्ठ्या केल्या.

"उचला, नानाजी."

नानाजींनी चिठ्ठी उचलली. काहीच नाही. त्यांनी ती दोनदा वाचली, मागची बाजूही पाहिली. मग गेटची बाटली सोडून सोनिकाच्या हातात दिली.

"आता रात्रीबी नाही लावत," ते म्हणाले. "विचारलं कोणी तर सांगीन, शाळेचं काम करून राहिलो." ते आत गेले आणि शर्ट घालून, चष्मा लावून बाहेर आले. "लिही वं पोरी. अर्ज मी सांगतो."

ते गेटला पाठ टेकून सांगत गेले आणि सोनिका उभ्यानेच लिहीत गेली.

"प्रति, माननीय अध्यक्ष, विज्ञान प्रदर्शन समिती. विषय : प्रदर्शन पुढे ढकलणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की, लेआउटमधील रहिवाशांनी मनापासून सहकार्य केल्यामुळे सदर प्रयोग पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करणे भाग पडले आहे. कुत्र्यांकडून कोणतीही कसूर झालेली नाही. तरी जिल्ह्यातील एकशे बारा शाळांचे प्रदर्शन नऊ दिवस पुढे ढकलण्यात यावे, व तसे सर्व शाळांना आजच कळविण्यात यावे, ही नम्र विनंती."