यादीत शेवटी भारत

एका वृद्धाश्रमासाठी बनवत असलेल्या ऑनलाइन प्रवेश-अर्जात 'मुलगा कुठल्या देशात?' या प्रश्नाखाली मी देशांची यादी जोडत होतो. भारत सगळ्यात वर टाकला, तर तिथल्या व्यवस्थापक कुलथेबाई फोनवर हसल्या. "तळाला टाका हो! मुलं इथंच असलेले आईबाप आमच्याकडे कशाला येतील?"

टाकला तळाला. जेवणाआधी अर्ज वेबसाइटवर चढवला आणि सुटलो एकदाचा.

दुपारी आतल्या खोलीतून आईनं विचारलं, "अरे, मोबाइलवर या यादीत भारत कुठे दिसत नाही रे?"

"सगळ्यात शेवटी आहे, आई. खाली सरकव," मी सवयीनं सांगून गेलो, आणि मग लक्षात आलं. भारत तळाला असलेला अर्ज एकच होता.

"हां, सापडला," आतून आवाज आला. "गेला बघ अर्ज."