तिसरी गाठ

शालिग्रामच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीचा पट्टा आवळायला धम्मरत्न वाकला, आणि त्याच्या नाकात लसणाचा वास शिरला. तेलात कडकडून काळ्या झालेल्या लसणाचा. घरात कोणाचा कान ठणकला की पळीत करतात ना, तसला.

पट्टा आवळून झाला. हात तिथंच राहिला.

धरणाच्या भिंतीखाली, ऐंशी फूट पाण्यात, एक पिकअप उलटी पडली होती. काल दुपारी वळणावरून घसरलेली. तिच्यात निवृत्ती होता, शालिग्रामच्या बहिणीचा नवरा. ती बहीण, प्रेमला, कालपासून काठावरच्या बाभळीखाली बसून होती. तो वर येईस्तोवर आपण पाण्याचा घोट घेणार नाही, एवढंच बोलली होती. बायका तांब्या पुढे करत, पुन्हा मागे घेत. समोर पाणीच पाणी, आणि तिचे ओठ फुटलेले.

जिल्ह्याची मोठी तुकडी परवाशिवाय येणार नव्हती. आज हे तिघंच. बुडी मारणारे दोघं, मेहकरचा धम्मरत्न आणि शालिग्राम; आणि वर डोंग्यात दोरी धरणारी बेबीताई. आपलं सामान आपण तपासायचं नाही, सोबत्यानं तपासायचं, असा त्यांचा अकरा वर्षांचा रिवाज. कारण माणूस स्वतःला लवकर माफ करतो, असं बेबीताई म्हणे.

शालिग्रामनं धम्मरत्नचं सामान तपासलं. हवेचा काटा, सुरी, दोन्ही बॅटऱ्या. मग पुन्हा काटा पाहिला, जसा काही पाहिलाच नव्हता. बेबीताईनं त्याला टोकलं, काट्याले लग्नासाठी पसंत करून राह्यला का रे म्हणून. तो हसला नाही.

धम्मरत्ननं त्याला नाक दाबून फुंकायला सांगितलं. दोन्ही कान मोकळे व्हायला पाहिजेत. बुडीआधी हे रोजचंच. शालिग्रामनं फुंकलं, बोटांचं कडं करून दाखवलं, सगळं ठीक. पण फुंकताना त्याचा डावा डोळा घट्ट मिटला होता. त्यानं घाईघाईनं रबरी टोपी कानावरून खाली ओढली.

बंद कान वीस फुटांवर ठणकतो. ऐंशी फुटांवर पडदा फाटतो, डोकं गरगरतं, वर कुठं आणि खाली कुठं ते कळत नाही. आणि तिथं पिकअपचं दार असेल, तारा असतील, गढूळ पाण्यात सुटलेली ताडपत्री असेल. एकट्यानं उतरायचं नाही हेही ठरलेलं. दोघांची दोरी एकच.

बेबीताईनं दोरी पुढे केली. तिघांनी आपापली गाठ मारायची. एखाद्यानं गाठ न मारता दोरी खाली ठेवली, तर बुडी नाही. काऊन म्हणून त्याला विचारायचं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. अकरा वर्षांत दोरी कोणी खाली ठेवली नव्हती.

बेबीताईनं गाठ मारली. शालिग्रामनं मारली, ओढून ओढून घट्ट केली. दोरी धम्मरत्नच्या हातात आली. ओली होती, जड होती.

त्यानं ती खाली ठेवली.

बेबीताईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि दोरीचं वेटोळं करायला लागली.

"बांध," शालिग्राम दातांतून म्हणाला. "धम्मा, गाठ बांध. माही बहीण पाहून राह्यली."

धम्मरत्न आपल्या टाकीचे पट्टे सोडायला लागला.

भिंतीवर माणसांची रांग होती. तिच्यात कुजबुज झाली, मग ती कुजबुज राहिली नाही. धामणगावहून आलेले पंजाबराव कठड्यावर वाकून म्हणाले, "एवढं सामान अंगावर चढवलं, अन् पाणी पाहूनच गार पडला का बे?" दोन-चार जण हसले. एकानं मोबाइल वर धरला. शालिग्राम त्यांच्याकडं पाठ करून उभा होता.

प्रेमला उठली. पाय अवघडलेले, म्हणून बाभळीला धरून उठली. लोक बाजूला झाले. नियम ह्या तिघांचा होता. तिला तो कुठला माहीत?

"काऊन, भाऊ?" तिनं विचारलं.

धम्मरत्नला तिच्या फुटलेल्या ओठांकडं पाहवेना.

"भेव वाटलं मले, ताई."

तिनं मान हलवली. भावाकडं वळली. त्यानं टोपी ओढून काढली होती. टोपीच्या दाबानं कानातून बाहेर आलेली तेलाची पिवळी धार मानेवरून खाली चालली होती. प्रेमलानं पदरानं ती पुसली. पदर नाकाशी नेला. ह्या कानात लहानपणापासून तेल तिनंच घातलेलं. रडायचा तेव्हा मांडीवर डोकं धरून.

ती पदर तसाच धरून उभी राहिली. मग तिनं एकदा पाण्याकडं पाहिलं, एकदा धम्मरत्नकडं.

"तुमचं भेव जायाले किती दिस लागतीन, भाऊ?"

"आठ-दहा दिवस तरी लागतीन, ताई," धम्मरत्न म्हणाला. "परवा दुसरे येऊन राह्यले. ते आणतीन त्याईले."

प्रेमला भावाजवळ खाली बसली. मग पाण्याकडं न पाहता तिनं हात पुढे केला, आणि बेबीताईनं त्या हातात तांब्या दिला.