एका छताखाली एकच नाव

"हे आत्ताच्या आत्ता उतरवा," व्यवस्थापक दारातूनच ओरडला.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत, दोन वॉशिंग मशिनांच्या मधे, चादरीएवढं कापड ताणून बांधलं होतं. त्यावर लाल दोऱ्यानं भरलं होतं, 'धुलाई कामगार महिला संघटना'. सगळी अक्षरं मोठी, ठळक, वीतभर उंच.

इथं कामाला असलेल्या दोघी जावांमधली थोरली शिलाई मशिनवरून उठली नाही. इथल्या प्रत्येक चादरीवर, एप्रनवर, कोटावर हॉस्पिटलचं नाव भरायचं काम तिचंच. दुसऱ्याच्या नावाचे टाके घालून तिची बोटं सोलवटली होती. आपल्या माणसांचं नाव तिनं पहिल्यांदाच भरलं होतं.

"का उतरवायचं?"

"नियम आहे. मोठी अक्षरं फक्त संस्थेच्या नावाला. चार बायका जमल्या म्हणून काही संस्था होत नाही. हवं तर लिहा कोपऱ्यात, बारीक अक्षरांत."

इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. आजची ही पहिलीच सभा. मोठ्या मिनतवारीनं त्या आल्या होत्या. कापड खाली आलं की पांगतील आणि पुन्हा जन्मात गोळा व्हायच्या नाहीत, हे थोरलीला दिसत होतं.

"जाऊबाई, काढून टाका ना," तिची धाकटी जाऊ कुजबुजली. "एवढ्याशा अक्षरांपायी नोकरी जायची."

"एवढीशी असती, तर साहेब जिना उतरून कशाला आले असते गं?"

कुणीतरी फिसकन हसलं. व्यवस्थापकाचा पारा चढला. "या छताखाली मोठ्या अक्षरांत एकच नाव राहील. समजलं?"

"समजलं," थोरली म्हणाली आणि तिनं टाके उसवायची छोटी कात्री उचलली.

व्यवस्थापकानं सुटकेचा निःश्वास सोडला. पण थोरलीनं कापडाकडे पाहिलंसुद्धा नाही. अंगावरचा एप्रन पुढं ओढून तिनं त्याच्यावरचं हॉस्पिटलचं नाव उसवायला घेतलं.

एकेक करत नावाचे सगळे टाके निघाले. मग धाकटी पुढं आली. थोरलीकडून कात्री तिनं मागून घेतली. तिच्यामागं आणखी एक उभी राहिली, मग आणखी एक.

व्यवस्थापकाच्या पांढऱ्या कोटाच्या खिशावरही तेच नाव होतं. थोरलीनं हात पुढं केला.

"साहेब, कोट द्या काढून. तुमचंही मीच भरलंय."