नाकावरचा रुमाल

आजींना सांभाळणाऱ्या मावशींवर चार डायपर चोरल्याचा खटला होता. चोरले होतेच, घरी अंथरुणाला खिळलेल्या वडलांसाठी. कोर्टाच्या जिन्यात आजींच्या मुलाने मावशींना गाठलं. सहा वर्षं तो आईच्या खोलीच्या दारात नाकाला रुमाल लावूनच उभा राहायचा. आताही रुमाल हातात होता. "मावशी, झालं गेलं सोडा. तक्रार मागे घेतो, तुम्ही आजच कामावर या. नवी बाई पळाली. परवापासून आई तशीच घाणीत पडलीय." "तुम्ही घरीच होतात ना?" "मला किळस येते हो." गू-मूत काढताना सहा वर्षांत न आलेली ओकारी मावशींच्या घशाशी आली. ती गिळून आत गेल्या. "गुन्हा कबूल?" न्यायाधीशांनी विचारलं. "कबूल. दंड भरते." मग मुलाकडे वळल्या. "आधी घरी जा, साहेब. आजींना कुशीवर वळवून पुसायचं. रुमाल खिशात ठेवा, दोन्ही हात लागतात."